धनंजयराव गाडगीळ : लाभाचा हिशेब मागणारा अर्थतज्ज्ञ

उत्पादन वाढले, पण त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडला, हा प्रश्न डॉ. धनंजयराव गाडगीळ यांनी आयुष्यभर लावून धरला. १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकमध्ये जन्मलेल्या गाडगीळांनी नागपूरनंतर केंब्रिज येथे शिक्षण घेतले. भारतातील औद्योगिक स्थित्यंतराचा वेध घेणारा त्यांचा प्रबंध १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तिची धुरा गाडगीळांनी १९६६ पर्यंत वाहिली. पुण्याचा फळबाजार, सहा जिल्ह्यांतील मोटार-बस वाहतूक, वाई तालुक्यातील शेतीचा जमाखर्च अशा पाहण्या संस्थेने हाती घेतल्या. माल पिकवण्याइतकाच तो विकण्याचा आणि वाहून नेण्याचा खर्चही महत्त्वाचा, ही त्यामागील दृष्टी होती. गोदावरी व प्रवरा कालव्यांवरील १९४८ च्या अहवालात त्यांनी सिंचनाच्या प्रत्यक्ष लाभांबरोबरच अप्रत्यक्ष लाभांचेही मोजमाप केले.

या अभ्यासाला कृतीची जोड मिळाली ती अहमदनगर जिल्ह्यात. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने लोणी येथे उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले. १९५०-५१ च्या हंगामात तेथे गाळप सुरू झाले. यंत्रे खासगी कारखान्यांत होती तशीच होती; नावीन्य होते ते मालकीत. ऊस पिकवणाराच कारखान्याचा भागधारक झाला आणि प्रक्रियेतून वाढलेल्या मूल्यावर त्याचा हक्क प्रस्थापित झाला.

१९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्रीय साह्य वाटण्याच्या ‘गाडगीळ सूत्रा’त ६० टक्के भार लोकसंख्येला देण्यात आला. १९६९ मधील त्यांच्या अभ्यासगटाच्या शिफारशींतून जिल्हानिहाय ‘अग्रणी बँक’ योजनेचा पाया घातला गेला. ३ मे १९७१ रोजी, आयोगातून निवृत्त होऊन दिल्लीहून पुण्याकडे परतत असताना त्यांचे निधन झाले.

पुण्यापासून काही अंतरावर, मुळशी तालुक्यात, लवासा हे खासगी नियोजित शहर उभे राहिले आणि २०१८ मध्ये त्याच्या प्रवर्तक कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. घरासाठी पैसे गुंतवणारे, जमीन देणारे आणि कर्ज पुरवणाऱ्या बँका या सर्वांसमोर आपल्या वाट्याला काय येणार, हा प्रश्न उभा राहिला. प्रकल्पाचा लाभ आणि भार कोणावर किती, याचा हिशेब आरंभीच मांडावा, हा गाडगीळांच्या अभ्यासाचा धडा अशा वेळी प्रकर्षाने आठवतो.