ड्यूक एलिंग्टन : वाद्यांसाठी नव्हे, माणसांसाठी लिहिणारे संगीतकार



थोर व्यक्तींचा परिचय म्हटलं की आपल्याकडे ठरलेली नावं येतात. आज जरा लांबच्या माणसाची ओळख करून घेऊया. समूहगीताची स्पर्धा जवळ आली की दरवर्षी एक प्रश्न पडतो. ज्या मुलाचा आवाज बाकीच्यांत मिसळत नाही, त्याचं काय करायचं? मागच्या रांगेत उभं करायचं, की हळू गा म्हणून सांगायचं? मी दोन्ही केलेलं आहे. अमेरिकेतल्या एका संगीतकाराने मात्र याच्या बरोबर उलट केलं, आणि तेही पन्नास वर्षं. त्यांचं नाव ड्यूक एलिंग्टन.

त्यांचं मूळ नाव एडवर्ड केनेडी एलिंग्टन. जन्म २९ एप्रिल १८९९, वॉशिंग्टन शहरात, एका कृष्णवर्णीय कुटुंबात. वडील एका डॉक्टरांच्या घरी बटलर होते, कधीमधी व्हाइट हाऊसच्या मेजवान्यांतही वाढपाचं काम करायचे. आई डेझी पियानो वाजवायची. मुलाचं राहणं-बोलणं इतकं ऐटदार की मित्राने त्याला ड्यूक म्हणजे सरदार म्हणायला सुरुवात केली, आणि तेच नाव कायमचं चिकटलं. लहानपणी पियानोची शिकवणी लावली, पण या मुलाला बेसबॉलचंच वेड जास्त. शिकवणीला दांड्या! खरी गोडी लागली ती किशोरवयात, चोरून एका बिलियर्डच्या अड्ड्यावर जाऊन तिथल्या पियानोवाल्यांना ऐकताना. चित्रकलाही चांगली होती. कलाशाळेची शिष्यवृत्ती मिळत होती, ती त्यांनी नाकारली.

१९२३ साली ते न्यूयॉर्कला गेले. तिथे त्यांच्या छोट्या बँडमध्ये बबर मायली नावाचा ट्रम्पेटवादक होता. तुंबलेलं बेसिन मोकळं करायला जी रबरी वाटी वापरतात ना, तशी वाटी तो ट्रम्पेटच्या तोंडावर धरायचा आणि घशातून गुरगुरत वाजवायचा. ट्रम्पेट जणू माणसासारखा रडायचा, हसायचा, भांडायचा. ट्रिकी सॅम नँटन हा तसाच आवाज ट्रॉम्बोनमधून काढायचा. संगीतशाळेत असं कुणी वाजवलं असतं तर शिक्षकांनी थांबवलंच असतं. एलिंग्टन यांनी त्या गुरगुरण्याभोवती रचनाच बांधल्या.

इथे जॅझबद्दल थोडं सांगायला हवं. जॅझमध्ये ठरलेली चाल असते आणि तिच्यावर वादक जागच्या जागी नवं सुचवत जातो. आपला गवई बंदिश मांडून पुढे आपल्या मनाने विस्तार करतो, काहीसं तसंच. पण पंधरा जण एकदम मनाचं वाजवू लागले तर गोंधळ होईल. म्हणून मोठ्या बँडला लिहिलेलं संगीत लागतं. लिहिलेलं किती आणि सुचलेलं किती, हा प्रत्येक बँडपुढचा पेच. एलिंग्टन यांनी तो आपल्या पद्धतीने सोडवला. त्यांच्या वादकांसमोरच्या कागदावर बऱ्याचदा वाद्याचं नाव नसायचं, वादकाचं असायचं. अमक्याचा सूर कुठे जाड होतो, तमका कोणत्या पट्टीत खुलतो, हे ओळखून ते लिहायचे. तोच कागद दुसऱ्याला दिला तर तसं वाजायचंच नाही.

१९३० सालची ‘मूड इंडिगो’ ही रचना मुद्दाम ऐका. क्लॅरिनेटने वर, ट्रम्पेटने मध्ये आणि ट्रॉम्बोनने खाली वाजायचं, असा रिवाज. यांनी क्लॅरिनेटला खाली उतरवलं आणि मुका केलेला ट्रॉम्बोन त्याच्या बराच वर नेला. वाद्यं तीच, पण रंग कुणी न ऐकलेला. पहिल्यांदा ऐकताना कोणतं वाद्य कोणतं, ते मला ओळखताच आलं नाही.

१९२७ च्या डिसेंबरपासून हा बँड हार्लेममधल्या कॉटन क्लबमध्ये वाजवत होता. रंगमंचावर सगळे कृष्णवर्णीय, समोर बसणारे गोरे. कृष्णवर्णीयांना प्रेक्षक म्हणून प्रवेशच नव्हता. पण तिथला कार्यक्रम रेडिओवरून जाई, त्यामुळे एलिंग्टन यांचं नाव देशभर झालं. दक्षिणेकडच्या राज्यांत दौरा असला की हॉटेलात खोली मिळायची नाही. मग ते रेल्वेचे स्वतंत्र डबे भाड्याने घ्यायचे. बँडचं राहणं, झोपणं, जेवण सगळं त्या डब्यांतच.

त्यांना मोठ्या रचना करायच्या होत्या. तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. १९३५ मध्ये आई गेली. त्या दुःखातून त्यांनी ‘रेमिनिसिंग इन टेम्पो’ लिहिली, ती चार बाजू भरून झाली. मग २३ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये, जिथे युरोपीय अभिजात संगीताचे मोठमोठे कार्यक्रम होत, त्यांनी ‘ब्लॅक, ब्राउन अँड बेज’ सादर केली. पाऊण तासाची रचना, विषय अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास, गुलामीपासूनचा. अभिजातवाल्या समीक्षकांना ती विस्कळीत वाटली, जॅझवाल्यांना वाटलं हा आपला रस्ता सोडतोय. दोन्हीकडून टीका. एक-दोन कार्यक्रमांनंतर एलिंग्टन यांनी ती पूर्ण वाजवणं सोडलं, पुढे फक्त निवडक भाग. मला वाटतं, ही जखम त्यांना खोल लागली असावी. पण मोठ्या रचना करणं त्यांनी थांबवलं नाही.

आता एक अडचणीची गोष्ट. ती लपवली तर चरित्र कसलं? वादकांना सुचलेल्या छोट्या सुरावटी एलिंग्टन उचलायचे, फुलवायचे, आणि रचना त्यांच्या नावावर जायची. सॅक्सोफोनवादक जॉनी हॉजेसला हे खुपायचं. स्टेजवर बसल्या बसल्या तो एलिंग्टनकडे बघून नोटा मोजण्याचा अभिनय करायचा! १९५१ मध्ये तो बँड सोडून गेला, १९५५ मध्ये परत आला. बिली स्ट्रेहॉर्न हे त्यांचे जवळचे सहकारी. ‘टेक द ए ट्रेन’ ही बँडची ओळख बनलेली धून त्यांचीच. पण दोघांनी मिळून केलेल्या कितीतरी कामाचं श्रेय वर्षानुवर्षं एकट्या एलिंग्टनला मिळालं. हे योग्य होतं असं मला म्हणवत नाही. दुसरी बाजूही आहे. मोठे बँड परवडेनासे होऊन एकामागून एक बंद पडले, तेव्हा एलिंग्टन यांनी आपल्या गाण्यांच्या मानधनातून बँडचे पगार चालू ठेवले. लिहिलेलं लगेच त्या माणसांकडून ऐकायला मिळावं, म्हणून.

१९५६ च्या न्यूपोर्ट महोत्सवात पॉल गोन्साल्विस या सॅक्सोफोनवादकाने एका रचनेच्या मधल्या जागेत तब्बल सत्तावीस आवर्तनं न थांबता वाजवली. लोक खुर्च्यांवर उभे राहून नाचू लागले. गोन्साल्विस म्हटल्यावर आपल्याला गोवा आठवतो, पण याचं घराणं केप व्हर्द बेटांवरचं. पोर्तुगीज सत्ता दोन्हीकडे होती, म्हणून आडनाव सारखं.

१९६३ मध्ये अमेरिकन सरकारतर्फे हा बँड आशियाच्या दौऱ्यावर आला. दिल्लीत एलिंग्टन आजारी पडले, तरी बँडने कार्यक्रम केले. मुंबईतही बँड वाजला. दौऱ्यातून पुढे ‘फार ईस्ट स्वीट’ हा संच तयार झाला. त्यात स्ट्रेहॉर्न यांची एक रचना दिल्लीच्या मैनेवर आहे. क्लॅरिनेट मैनेसारखं एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलतं, भोवती बँड चालत राहतो. मुलांना ही नक्की ऐकवा, पक्षी कुठे आला ते पटकन सांगतात.

१९६५ मध्ये पुलित्झर पुरस्काराच्या संगीत परीक्षकांनी त्यांच्या एकूण कार्याच्या खास गौरवाची शिफारस केली. मंडळाने ती फेटाळली, तेव्हा दोन परीक्षकांनी राजीनामे दिले. सहासष्ट वर्षांच्या एलिंग्टन यांनी विनोद करून विषय टाळला. १९६९ मध्ये सत्तराव्या वाढदिवशी त्यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला गेला, तोही व्हाइट हाऊसमध्ये, जिथे वडील कधी वाढपी म्हणून जात. पुलित्झरचा खास गौरव आला १९९९ साली, जन्मशताब्दीला.

१९७४ च्या मे महिन्यात ते फुप्फुसाच्या कर्करोगाने न्यूयॉर्कच्या रुग्णालयात होते. त्याच दिवसांत लंडनमध्ये पॉल गोन्साल्विस वारला. मुलगा मर्सर याने ही बातमी वडिलांना कळू दिली नाही. २४ मे रोजी एलिंग्टन गेले. मर्सरने बँड पुढे चालवला. हॅरी कार्नी हा सॅक्सोफोनवादक सतराव्या वर्षी, १९२७ मध्ये बँडमध्ये आला होता. सत्तेचाळीस वर्षं त्याने दुसरीकडे कुठे नोकरी धरली नाही. कितीतरी दौऱ्यांत एलिंग्टन त्याच्या गाडीत शेजारी बसून प्रवास करत. तोही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेला.