इंद्रायणीकाठचे १३ दिवस

आज गाथा वाचताना मन अभंगापेक्षा तो लिहिणाऱ्या हातापाशीच थांबलं.

तुकोबा देहूच्या सुखवस्तू वाणी घरातले. दुष्काळात धंदा बुडाला, पहिली पत्नी गेली, मुलगा गेला. पुढे वाट्याला आलेली कर्जखतं त्यांनी स्वतःच इंद्रायणीत सोडून दिली, असं परंपरा सांगते. म्हणजे बुडणं त्यांना नवीन नव्हतं. मग स्वप्नात नामदेवराय पांडुरंगाला घेऊन आले, अभंग कर म्हणाले, आणि लिहिणं सुरू झालं.

वाघोलीच्या रामेश्वर भट्टांनी आक्षेप घेतला आणि अभंगांच्या वह्या त्याच नदीत गेल्या. खतं सोडून मोकळा झालेला हा माणूस या वेळी मात्र १३ दिवस अन्नपाणी सोडून काठावर बसला. मला वाटतं, लोक काय म्हणतील एवढीच ही भीती नव्हती. (ती तर आपल्यालाही असते, दोन ओळी लिहून दहादा खोडणाऱ्यांना.) त्यांचा प्रश्न फार खोल होता: लिही म्हणणारा खरंच विठ्ठल होता, की माझ्याच मनाचा खेळ? ते भांडले तेही थेट त्याच्याशीच.

वह्या कोरड्या वर आल्या म्हणतात. कुणी म्हणतं, लोकांना पाठ होते ते अभंग पुन्हा उतरवले. मी त्या वादात पडत नाही. रामेश्वर भट्ट पुढे त्यांचेच शिष्य झाले.

आणि तुकोबांनी पुन्हा लिहिलं. या प्रसंगानंतरचे म्हणून गाथेत जे अभंग आहेत, त्यांत विजयाचा सूर औषधालाही नाही. वह्या राखायला देवाला पाण्यात उभं केलं, म्हणून ते चक्क त्याची माफी मागतात.