गॅव्ही क्रॅव्हथ : उशिरा फळलेला खेळाडू

कॉलेजच्या क्रिकेट संघातून माझे नाव सलग दुसऱ्या वर्षी गळाले. मला फक्त लेगलाच मारता येते, हे कारण. खेळाला रामराम ठोकायचे मी ठरवले होते. त्याच सुमारास वाचनालयात अमेरिकन बेसबॉलवरील एक पुस्तक हाती आले आणि त्यात गॅव्ही क्रॅव्हथ भेटला.

क्रॅव्हथचा जन्म १८८१ सालचा, कॅलिफोर्नियातला. अमेरिकेत बेसबॉलचे वरच्या दर्जाचे सामने मेजर लीगचे. त्याखाली मायनर लीगचे संघ. क्रॅव्हथ १९०३ पासून पाच वर्षे लॉस एंजेलिसच्या मायनर संघात खेळला. १९०८ मध्ये बोस्टनने त्याला वर घेतले. त्या मोसमात त्याचा होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, एकच. १९०९ मध्ये तो शिकागोकडे गेला, तेथून वॉशिंग्टनकडे, आणि शेवटी पुन्हा खाली, मिनियापोलिसच्या मायनर संघात. वय अठ्ठावीस! त्या काळी चपळ धावणाऱ्यांना भाव होता. हा पायाने मंद.

पण त्याने खेळ सोडला नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा जोरदार फटका सहसा डावीकडे जातो. मिनियापोलिसच्या मैदानाचे उजवे कुंपण जवळ होते, म्हणून क्रॅव्हथ तिकडे मारायला शिकला. १९११ मध्ये त्याने २९ होमरन काढले. १९१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघातून तो मेजर लीगमध्ये परतला, तेव्हा एकतीस वर्षांचा होता.

१९१३ ते १९१९ या सात वर्षांत सहा वेळा नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक होमरन त्याचे, त्यात एकदा बरोबरीने. १९१५ मध्ये त्याने २४ होमरन काढले आणि फिलाडेल्फियाने प्रथमच नॅशनल लीग जिंकली. २४ हा आकडा १९१९ मध्ये बेब रूथने मागे टाकला.

फिलाडेल्फियाचेही उजवे कुंपण जवळच होते. १९१४ मधले त्याचे १९ च्या १९ होमरन घरच्याच मैदानावरचे. म्हणून त्याचे श्रेय कुंपणाला देणारे पुष्कळ. पण ते कुंपण इतरांनाही तितकेच जवळ होते ना?

१९२० नंतर त्याने मेजर लीग सोडली. पुढे कॅलिफोर्नियातील लगुना बीच येथे तो न्यायाधीश झाला. १९६३ मध्ये तो वारला.

पुढच्या वर्षी यादीत माझे नाव येईल की नाही, कोण जाणे. सध्या मात्र रोज सकाळी नेटमध्ये ऑफला मारायला शिकतो आहे.