आवाजाची मालकी

गोंदिया जंक्शनवर गाड्यांच्या येण्याजाण्याची सूचना देणारा स्त्रीचा आवाज रोज हजारो प्रवासी ऐकतात. तो कोणाचा, हा प्रश्न त्यांच्यापैकी एखाद्याला तरी पडत असेल की नाही, याची शंकाच आहे. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागे, तेव्हा शेरखानच्या तोंडून नाना पाटेकर बोलतात, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक होते. मोगलीच्या तोंडून कोण बोलते, याची चौकशी मात्र क्वचितच कोणी केली असेल. ज्याचा चेहरा आधीच प्रसिद्ध, त्याचा आवाज लोक ओळखतात. ज्याच्याजवळ आवाजाखेरीज काही नाही, त्याने काय करावे? अमेरिकेतील मे क्वेस्टेल या बाईंचे आयुष्य या प्रश्नाभोवती साठ वर्षे फिरत राहिले.

त्यांचा जन्म १३ सप्टेंबर १९०८ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात एका सनातनी ज्यू कुटुंबात झाला. लहानपणापासून नकला करण्याचे अंग होते. परंतु घरच्यांना रंगभूमीचे वावडे. नाट्यशिक्षणाच्या शाळेत घातलेले पाऊल त्यांना वडीलधाऱ्यांच्या हट्टापायी मागे घ्यावे लागले. आपल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवरही स्त्रीभूमिका दीर्घकाळ पुरुषांनीच केल्या, हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या विरोधाचे नवल वाटणार नाही. तथापि ज्या गुणाला घराने अडविले, त्याला मैत्रिणींनी वाट करून दिली. हेलन केन ही गायिका त्या काळी बालिश, लाडिक स्वरात गात असे आणि गाण्याच्या मधूनमधून निरर्थक अक्षरांची गोड पेरणी करीत असे. तिच्यासारखे दिसण्यागाण्याची एक स्पर्धा फोर्डहॅम थिएटरात भरली. मैत्रिणींनी मे यांचे नाव परस्पर घातले आणि त्या पहिल्या आल्या. तेथून विविध करमणुकीच्या रंगमंचावर नकलाकार म्हणून त्यांचा व्यवसाय सुरू झाला.

१९३१ मध्ये मॅक्स फ्लायशर या व्यंगचित्रपटनिर्मात्याने त्यांना हेरले. त्याच्या कारखान्यात १९३० साली बेटी बूप ही बाहुलीवजा नायिका जन्माला आली होती. आरंभी ती कुत्र्याच्या कानांची होती, पुढे ते कान जाऊन तेथे कर्णभूषणे आली. तिला आवाज देणाऱ्या स्त्रिया त्यापूर्वीही होत्या. परंतु बेटीचा म्हणून जो आवाज जगाच्या कानात बसला, तो क्वेस्टेलबाईंचा. १९३३ पासून पोपाय या खलाशाच्या किडकिडीत प्रेयसीचा, ऑलिव्ह ऑइलचा आवाजही त्याच काढू लागल्या. तो त्यांनी झासू पिट्स या अभिनेत्रीच्या घाबऱ्या, रडवेल्या बोलण्यावरून बेतला होता. एकीकडे लाडिक बेटी आणि दुसरीकडे कुरकुरणारी ऑलिव्ह, आणि दोन्ही एकाच कंठातून! डिस्नेच्या चित्रशाळेत आवाज आधी मुद्रित करून त्यावर चित्रे बेतली जात. फ्लायशरकडे बराच काळ उलटा क्रम होता. चित्रे तयार झाल्यावर कलावंताने पडद्याकडे पाहत हलणाऱ्या ओठांत शब्द भरावयाचे. हे काम वाटते तितके सोपे नाही, आणि एवढे करूनही आवाज देणाऱ्याचे नाव बहुधा श्रेयनामावलीत येत नसे.

मे १९३२ मध्ये हेलन केनने फ्लायशर आणि पॅरामाउंट कंपनीवर अडीच लाख डॉलरांचा दावा लावला. बेटी म्हणजे माझी चोरी आहे, असे तिचे म्हणणे. १९३४ च्या वसंतात न्यायमूर्ती मॅकगोल्ड्रिक यांच्यापुढे सुनावणी झाली. बेटीला आवाज देणाऱ्या स्त्रिया साक्षीदार म्हणून उभ्या राहिल्या, त्यांत क्वेस्टेलबाईही होत्या. जिची हुबेहूब नक्कल करून बक्षीस मिळविले, तिच्याच विरुद्ध साक्ष देण्याची वेळ! प्रतिपक्षाने बेबी एस्थर नावाच्या एका कृष्णवर्णीय बालगायिकेची चित्रफीत सादर केली. केन येण्यापूर्वीच ही मुलगी त्या धर्तीची अक्षरे गात होती आणि १९२८ साली केनने तिचे गाणे ऐकले होते, असे तिच्या व्यवस्थापकाने सांगितले. मे १९३४ मध्ये केनचा दावा फेटाळला गेला. ही शैली केवळ आपली आहे, हे तिला सिद्ध करता आले नाही. फ्लायशर सुटला. बेबी एस्थर मात्र न्यायालयात आलीच नाही, आणि तिला यातून दमडीही मिळाली नाही. या खटल्यात खरा अन्याय कोणावर झाला असेल, तर तो तिच्यावर, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आपल्याकडे नक्कल हा गुन्हा मानला गेला नाही. बालगंधर्वांच्या गायकीची छाया घेऊन किती नट उभे राहिले! घराण्यात तर गुरूचा आवाज शिष्याच्या गळ्यात उतरणे ही पावतीच. पण तेथे शिष्य वर्षानुवर्षे घाम गाळतो आणि गुरूचे नाव घेताना कानाची पाळी धरतो. यंत्राने काही मिनिटांत आवाज उचलून विकणे ही निराळी गोष्ट आहे. जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेने त्यांचा आवाज उचलण्यास अंतरिम मनाई केली, आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तसेच संरक्षण दिले. नव्वद वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये केनला जे मिळाले नाही, ते येथे मिळाले. अर्थात हे नामवंतांचे झाले. स्थानकावरच्या अनाम आवाजाने कोणत्या न्यायालयात जावे?

असो. १९३८ मध्ये फ्लायशरने आपला कारखाना फ्लोरिडात मायामीला हलविला. क्वेस्टेलबाईंनी संसार सोडून तिकडे जाण्याचे नाकारले. त्यांच्या जागी दुसरा आवाज आला. पडद्यावरची ऑलिव्ह तीच राहिली. १९३९ मध्ये बेटीची मालिका बंद पडली. पुढे तो कारखाना नव्या नावाने न्यूयॉर्कला परतला, तेव्हा १९४४ च्या सुमारास बाई ऑलिव्हकडे परतल्या. पोपायचा आवाज काढणारा जॅक मर्सर युद्धसेवेत असताना काही लघुपटांत पोपायही त्यांनीच वठविला. चित्रातील नायकाला आपला कैवारी स्त्रीकंठातून बोलतो आहे, याचा पत्ता नव्हता, आणि प्रेक्षकांनाही नव्हता.

१९५३ ते १९५७ या काळात त्या दूरचित्रवाणीवर विंकी डिंक या चित्ररूप मुलाच्या तोंडून बोलल्या. पडद्यावर पारदर्शक कागद चिकटवून मुलांनी रेघा ओढावयाच्या आणि विंकीला संकटातून सोडवावयाचे, असा तो खेळ होता. कागद न आणता थेट पडद्यावरच रेघोट्या ओढणारी मुलेही निघाली, हे सांगावयास नकोच. पन्नाशीच्या उंबरठ्यावर चेहऱ्यालाही काम मिळाले. १९५९ मध्ये ब्रॉडवेवर ‘अ मेजॉरिटी ऑफ वन’, १९६८ मध्ये ‘फनी गर्ल’ या चित्रपटात शेजारीण, आणि सत्तरच्या दशकात कागदी रुमालांच्या जाहिरातीत ब्लूबेल मावशी. या मावशीमुळे रस्त्यावरचे लोक त्यांना ओळखू लागले.

१९८८ मध्ये ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ या चित्रपटात बेटी बूप क्षणभर परत आली. सारी रंगीत दुनिया भोवताली असताना ती एकटी काळीपांढरी, सिगारेटी विकत फिरणारी, रंगीत चित्रे आल्यापासून काम मिळत नाही म्हणून हळहळणारी. आवाज क्वेस्टेलबाईंचाच होता. त्या एकोणऐंशी वर्षांच्या होत्या, आणि या वेळी श्रेयनामावलीत त्यांचे नाव होते. पुढच्या वर्षी वुडी ॲलनच्या एका लघुकथापटात त्या न्यूयॉर्कच्या आकाशात तरंगणारी, मुलाची उणीदुणी साऱ्या शहराला ऐकविणारी आई झाल्या. त्यानंतर स्मृतिभ्रंशाने त्यांना गाठले. ४ जानेवारी १९९८ रोजी न्यूयॉर्कमध्ये, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.