पासंग : कुसुमावती देशपांडे यांचे स्मरण

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका तरी थोर स्त्रीचे चरित्र असावे, अशी आपल्या मंडळाची जुनी वहिवाट आहे. राणी लक्ष्मीबाई, अहिल्याबाई होळकर, सावित्रीबाई फुले, रमाबाई रानडे यांची चरित्रे आपल्या भगिनींनी यापूर्वी लिहिली आहेत. यंदा हे काम चिटणीसबाईंनी माझ्याकडे सोपविले, तेव्हा मी कुसुमावती देशपांडे यांचे नाव सुचविले. त्यावर दोघी-तिघींनी विचारले, की कवी अनिलांच्या पत्नी त्या याच का? होय, याच. परंतु तेवढीच ओळख उरावी हे माझ्या मनाला बरे वाटेना. म्हणून हा प्रपंच.

कुसुमावतीबाईंनी लढाई मारली नाही की राज्य चालविले नाही. त्यांनी पुस्तके वाचली, मुलामुलींना वाचायला शिकविले आणि वाचलेल्याचे मोल न्यायाने सांगितले. हे काम वरवर पाहता अगदी सोपे दिसते. आपण सगळ्याच दुपारच्या वेळी एखादी कादंबरी मिटून ती चांगली की वाईट ते सांगून टाकतो. पण यात केवढी जोखीम असते ते मला माझ्या एका चुकीने शिकविले. ती चूक मी पुढे सांगणारच आहे. आधी बाईंचे चरित्र.

त्यांचा जन्म १० नोव्हेंबर १९०४ रोजी अमरावतीस झाला. माहेरचे नाव कुसुम जयवंत. शालेय शिक्षणासाठी त्या पुण्याच्या हुजूरपागेत होत्या. मुलींची ही शाळा १८८४ मध्ये सुरू झाली. मुलगी मोठी झाली की तिच्या लग्नाची घाई करण्याचे ते दिवस. अशा काळात वऱ्हाडातली एक मुलगी शिकण्यासाठी पुण्यास जाते, ही गोष्ट आज वाटते तेवढी साधी नव्हती. पुढे नागपूर विद्यापीठाच्या त्या बी.ए. झाल्या, ते साल १९२६. हे विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले होते. म्हणजे विद्यापीठ आणि ही विद्यार्थिनी, दोघेही तेव्हा नवखेच होते म्हणायचे.

यानंतर त्यांनी जे केले ते मला विशेष वाटते. त्या इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजात इंग्रजी वाङ्मयाच्या बी.ए. ऑनर्ससाठी पुन्हा दाखल झाल्या. हे कॉलेज १८८२ मध्ये केवळ स्त्रियांसाठी निघालेले. एकदा बी.ए. झाल्यावर पुन्हा बी.ए.च्या वर्गात बसायचे म्हणजे वरच्या पायरीवरून खाली उतरणे, असे कोणालाही वाटेल. त्यांना ते तसे वाटले नसावे. जे वाङ्मय पुढे शिकवायचे, ते पायापासून शिकावे, आणि ज्यांची ती भाषा आहे त्यांच्यात बसून शिकावे, असा माझ्या मते त्यामागचा भाव होता. १९२९ मध्ये त्या ऑनर्सची पदवी घेऊन परत आल्या.

त्याच वर्षी आत्माराम रावजी देशपांडे यांच्याशी, म्हणजे कवी अनिलांशी, त्यांचा विवाह झाला. विवाहापूर्वी उभयतांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे पुढे १९७२ मध्ये 'कुसुमानिल' या नावाने प्रसिद्ध झाली. ज्यांना या दोघांच्या स्नेहाची गोडी कळावी असे वाटते, त्यांनी ते पुस्तक जरूर वाचावे. मला मात्र त्यांच्या दुसऱ्या संसाराविषयी, वाचनाच्या संसाराविषयी, सांगायचे आहे.

१९३१ पासून कुसुमावतीबाई नागपुरात इंग्रजीच्या प्राध्यापिका म्हणून शिकवू लागल्या. वर्गात इंग्रजी वाङ्मय शिकवायचे आणि लेखन करायचे ते मराठीत, असा त्यांचा क्रम होता. त्यांच्या कथांची 'दीपकळी', 'दीपदान', 'मोळी' अशी पुस्तके निघाली. त्या काळच्या वाचकांना घडामोडींनी भरलेली, शेवटी धक्का देणारी गोष्ट आवडत असे. बाईंच्या कथेत घटना थोडी आणि मन अधिक. एखादे साधे, कष्टाचे जिणे जगणारे माणूस, त्याच्या मनात क्षणभर उमटलेली एखादी लहर, एवढ्यावर त्यांची कथा उभी राहते.

१९५३ व १९५४ या वर्षी 'मराठी कादंबरी : पहिले शतक' हा त्यांचा ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध झाला. १८५० ते १९५० या शंभर वर्षांतील मराठी कादंबरीचा हा अभ्यास. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे, हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची. आज ही पुस्तके हौसेने कोण वाचील? त्यानंतर हरिभाऊ आपटे आले आणि 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमाने येऊ लागली. तिच्यातली यमू आपली कहाणी स्वतः सांगते. घरातल्या एका सुनेचे, पुढे विधवेचे, मन मराठीत असे उघडे झाले. पदमनजींपासून हरिभाऊंपर्यंत आणि तेथून पुढे स्वराज्याच्या काळापर्यंत सगळी वाट बाईंनी चालून पाहिली. कादंबरी कोणत्या समाजात जन्मली, तिला काय सांगायचे होते आणि ते कलेच्या दृष्टीने कितपत साधले, या गोष्टी एकमेकींपासून तोडून त्यांनी पाहिल्या नाहीत. १९५४ मध्येच त्यांच्या समीक्षालेखांचा संग्रह निघाला. त्याचे नाव 'पासंग'.

आता माझी चूक. माझे शिक्षण लग्नामुळे अर्धवट राहिले होते. मुलगी दहावीला बसली तेव्हा माझ्याही मनाने घेतले आणि मी बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून बी.ए.चा अर्ज भरला. विषय मराठी वाङ्मय. त्यात साहित्यशास्त्राची एक प्रश्नपत्रिका असे. भरताचा रस, वामनाची रीती, आनंदवर्धनाचा ध्वनी, कुंतकाची वक्रोक्ती, ॲरिस्टॉटलचे विरेचन, हे सारे मी कणीक मळता मळता पाठ केले. अकराव्या शतकातल्या मम्मटाने काव्याची जी प्रयोजने सांगितली, त्यांत काव्याचा उपदेश प्रिय पत्नीच्या बोलण्यासारखा गोड असतो, असे एक आहे. ते वाचून मला हसू आले. आमच्या घरात माझा उपदेश कोणी फारसा ऐकत नसे!

त्याच सुमारास आपल्या मंडळाचे हस्तलिखित निघायचे होते. आलेल्या मजकुरावर बोलायला मला बसविले, कारण मी शिकत होते. आपल्यातल्याच एका भगिनीने तिच्या विधवा आत्याविषयी गोष्ट लिहिली होती. ही आत्या साऱ्या वाड्याचे पापड लाटून द्यायची आणि स्वतःच्या घरचे पापड मात्र दर वर्षी राहून जायचे. गोष्ट एवढीच. मी चांगली वीस मिनिटे बोलले. कथानक विस्कळीत आहे, संघर्ष नाही, रसाचा परिपोष झालेला नाही, शेवट शेवटासारखा वाटत नाही, असे सगळे सांगितले. भगिनींनी टाळ्या वाजविल्या. तिने काही न बोलता वही उचलली, पदराखाली घेतली आणि ती घरी गेली. त्या हस्तलिखितात तिची गोष्ट आली नाही. पुढच्या वर्षीही नाही. मला त्या प्रश्नपत्रिकेत मात्र चांगले गुण मिळाले.

पुढच्या वर्षाच्या अभ्यासासाठी मी ग्रंथालयातून कुसुमावतीबाईंची पुस्तके आणली. आधी कथा वाचल्या आणि मी चपापले. जिला मी कथानक नाही म्हणून नापास केले होते, तिच्याच वाटेवरची ही कथा होती. थोडी घटना, पुष्कळ मन. बाईंच्या कथेची योग्यता माझ्या शेजारणीच्या गोष्टीला होती असे मी म्हणत नाही. पण माप चुकीचे होते. मोगऱ्याची फुले मी कोळशाच्या वखारीतल्या काट्यावर घातली होती आणि काटा हलला नाही म्हणून फुलांना दोष दिला होता.

मग 'पासंग' हाती घेतले. पासंग म्हणजे काय ते आजच्या मुलींना सांगावे लागेल, कारण आता भाजीवालीकडेही विजेचा काटा असतो. पूर्वी दुकानदार माल घालण्यापूर्वी रिकामा तराजू उचलून पाहत असे. एक पारडे खाली आणि एक वर राहिले, तर वरच्या पारड्याला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधून दोन्ही पारडी सारखी करी. तोच पासंग. तो बांधल्याशिवाय वजन खरे येत नाही. समीक्षेच्या पुस्तकाच्या या नावाचा मी माझ्यापुरता अर्थ लावला तो असा, की दुसऱ्याचा माल तोलण्याआधी आपला तराजू रिकामा उचलून पाहावा. माझ्या तराजूत एका बाजूला चार पाठ केलेल्या संज्ञा होत्या, आणि खरे सांगायचे तर, मी शिकते आहे याचा ताठाही होता. ते पारडे रिकामे असतानाच खाली गेले होते.

टीका या शब्दाचा अर्थ आपण आज दोष काढणे असाच करतो. पण आपली ज्ञानेश्वरी हीही गीतेवरची टीकाच आहे. मूळ ग्रंथ उलगडून दुसऱ्याच्या हाती देणे, हा तिचा जुना अर्थ. समीक्षा म्हणजे नीट पाहणे. ही दोन्ही कामे बाईंच्या लेखनात मला एकत्र दिसली. सहृदयतेने वाचायचे, पण भिडेपोटी खोटे मोल सांगायचे नाही. ज्यांनी इंग्रजी वाङ्मय तिकडे जाऊन पचविले होते, त्यांना मराठी लेखकाला त्या मापाने खुजे ठरविणे कठीण नव्हते. परंतु शंभर वर्षांच्या मराठी कादंबरीचा अभ्यास करायला त्या बसल्या, यातच आपल्या भाषेविषयीचा त्यांचा आदर दिसून येतो.

या आदराची फेड मराठी जगाने उशिरा का होईना, केली. ग्रंथकारांचे पहिले संमेलन न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात भरले. त्यानंतर साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी स्त्री बसण्यास तब्बल ८३ वर्षे लागली. १९६१ च्या ग्वाल्हेर संमेलनात तो मान कुसुमावतीबाईंना मिळाला. तीनच वर्षांपूर्वी, १९५८ मध्ये, मालवणच्या संमेलनाचे अध्यक्षपद अनिलांनी भूषविले होते. पतीच्या मागोमाग पत्नीला मान मिळाला असे कोणी म्हणेल. मला तर वाटते, एका घरातल्या दोन स्वतंत्र कर्तृत्वांची ती दोन स्वतंत्र नोंद होती.

परंतु हा मान त्यांना फार दिवस लाभला नाही. त्याच वर्षी, १७ नोव्हेंबर १९६१ रोजी, त्या गेल्या. सत्तावन्नावा वाढदिवस होऊन जेमतेम आठवडा झाला होता. मराठी वाङ्मयाचा जो इतिहास त्यांच्या व मं. वि. राजाध्यक्षांच्या नावे साहित्य अकादमीने इंग्रजीत प्रसिद्ध केला, तो १९८८ मध्ये, म्हणजे त्यांच्यामागे २७ वर्षांनी. संमेलनाला पुढची स्त्री अध्यक्ष मिळाली ती १९७५ मध्ये कऱ्हाडला, दुर्गा भागवत. त्यानंतर १९९६ मध्ये आळंदीला शांता शेळके, २००१ मध्ये इंदूरला विजया राजाध्यक्ष, २०१९ मध्ये यवतमाळला अरुणा ढेरे आणि २०२५ मध्ये दिल्लीला तारा भवाळकर. बोटांवर मोजण्याइतकीच नावे, पण पहिले नाव आपल्या विदर्भकन्येचे.

माझ्या चुकीचे पुढे काय झाले, असे भगिनी विचारतील. बी.ए.चा निकाल लागल्यावर पेढे घेऊन मी त्या शेजारणीकडे गेले आणि मनापासून क्षमा मागितली. तिने चहा केला, मनात काही ठेवले नाही असे सांगितले. मी ती वही पुन्हा वाचायला मागितली. ती तिने केव्हाच रद्दीत घातली होती. आत्याच्या पापडांची गोष्ट आता माझ्या आठवणीत आहे तेवढीच उरली आहे आणि ती मला अजून विसरता आलेली नाही. चांगल्या गोष्टीची याहून वेगळी खूण मला कोणत्याही शास्त्राने शिकविली नाही.

तेव्हापासून आपल्या वाचनवर्गात मी एक नियम पाळत आले आहे. कोणाचेही लेखन वाचून झाले की लिहिणारीला काय सांगायचे होते ते आधी बोलायचे. मग काय मनात राहिले ते. उणे काय आहे ते सर्वांत शेवटी, पण तेही चुकवायचे नाही, कारण केवळ गोड बोलणे हाही खोटा काटाच. हा नियम माझा नव्हे. कुसुमावतीबाईंचे वाचन करताना तो मला सापडला.

शेवटी एक विनंती. आपल्या मंडळाच्या कपाटात त्यांची तीन-चार पुस्तके तरी असावीत आणि दर वर्षी १० नोव्हेंबरला आपण एकत्र बसून त्यांतले काही वाचावे. त्या दिवशी ज्या भगिनींच्या घरी अशी एखादी वही फडताळात पडून असेल, त्यांनी ती बरोबर आणावी. ती रद्दीत जाण्यापूर्वी आपण सर्वजणी मिळून वाचू, आणि तराजू आधी रिकामा उचलून पाहू. एवढेच मागणे मागून मी थांबते.