चार फुटांवर दचकणारा हात

खारघरच्या डोंगरांखाली सिडकोने गोल्फचे मैदान केल्यापासून पनवेल तालुक्याला हा खेळ अगदीच परका राहिलेला नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, अवघड असतो तो पहिला लांबलचक फटका. खेळणाऱ्याला विचारा, तो उलटे सांगेल. होलभोवती बारीक कापलेले गवत असते, त्याला ग्रीन म्हणतात. ग्रीनच्या कडेवरून चेंडू अलगद उचलून होलजवळ टाकायचा, ही चिप. मग ग्रीनवरून तो घरंगळवत होलमध्ये घालायचा, हा पट. या दोन्ही कामांना ताकद लागत नाही. तरीही वर्षानुवर्षे उत्तम खेळणाऱ्या काही जणांचे मनगट नेमके इथेच झटका देते. चिप मारताना स्टिक चेंडूच्या मागे मातीत रुतते, नाहीतर चेंडूच्या माथ्यावर आपटते आणि तो ग्रीन ओलांडून पलीकडे पळतो. पट करताना दोन-तीन फुटांवरचे होल चुकते. या व्याधीला गोल्फर यिप्स म्हणतात.

हा शब्द रूढ केला स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या टॉमी आर्मर या खेळाडूने. पण शब्द रुळण्याच्या आधीच ही व्याधी एका फार मोठ्या खेळाडूने वर्षानुवर्षे सोसली होती, आणि ती नेमकी कशी होते हे प्रांजळपणे लिहूनही ठेवले होते. त्याचे नाव हॅरी व्हार्डन. ब्रिटिश ओपन ही गोल्फमधली सर्वांत जुनी मोठी स्पर्धा. ती त्याने सहा वेळा जिंकली, आणि हा विक्रम आजवर कुणाला मोडता आलेला नाही.

व्हार्डनचा जन्म ९ मे १८७० चा, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या जर्सी बेटावर, ग्रूव्हिल गावात. वडील माळीकाम करत. घरात मुले बरीच, पैसा बेताचा. हॅरी आठ वर्षांचा असताना गावच्या मोकळ्या कुरणावर हौशी मंडळींनी गोल्फचे मैदान आखले. गावातली पोरे त्यांच्या स्टिकांचे ओझे वाहू लागली आणि घरी येऊन झाडाच्या फांद्या तासून स्वतःच्या स्टिका करू लागली. चेंडू म्हणून गोट्या. आपल्याकडे फळी तासून बॅट करणाऱ्या पोरांसारखेच हे. हॅरीही पुढे माळीकामालाच लागला. धाकटा भाऊ टॉम इंग्लंडला जाऊन गोल्फवर पोट भरू लागला, तेव्हा विसाव्या वर्षी, १८९० मध्ये, हॅरीनेही बेट सोडले आणि यॉर्कशरमधल्या रिपनजवळ एका मैदानावर नोकरी धरली.

सहा वर्षांत तो शिखरावर होता. १८९६ मध्ये म्युरफिल्डला जे. एच. टेलरला हरवून त्याने पहिले ओपन जिंकले. मग १८९८ आणि १८९९ ची. १९०० मध्ये अमेरिकेचा दीर्घ दौरा करून तिथलीही राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. त्या स्पर्धेतली एक गंमत अशी, की शेवटच्या ग्रीनवर होलच्या अगदी तोंडाशी असलेला चेंडू त्याने निष्काळजीपणे ढकलायला घेतला आणि स्टिक चेंडूला लागलीच नाही. फटका मोजला गेला, तरी विजेतेपद दोन फटक्यांनी त्याचेच राहिले. हा निव्वळ बेफिकिरीचा प्रकार होता. पुढे जे झाले त्याची जात वेगळी होती.

उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या तर्जनीवर चढवून स्टिक धरण्याची पकड आज जगभर व्हार्डनच्या नावाने शिकवली जाते. तिचा शोध त्याचा नव्हे, पण ती लोकप्रिय केली त्याने. त्याचा स्विंग इतका सहज, की जोर लावतो आहे असे वाटतच नसे.

१९०३ मध्ये प्रेस्टविकला त्याने चौथे ओपन जिंकले ते अंगात त्राण नसताना. शेवटच्या फेरीत आपण पुरे खेळू शकू की नाही याचीच त्याला शंका होती. तरी सहा फटक्यांनी जिंकला; दुसरा आला भाऊ टॉम. थोड्याच दिवसांत निदान झाले, क्षय. कॉखने क्षयाचा जंतू शोधून एकवीस वर्षे झाली होती, पण त्याला मारणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला अजून चाळीस वर्षे होती. तोवर उपचार म्हणजे मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार. आपल्याकडे डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणीला बेल-एअर सुरू केले ते याच विचाराने. व्हार्डनला नॉरफोकच्या किनाऱ्यावरच्या मंड्सलीच्या सॅनेटोरियममध्ये ठेवले. तिथे बरे होत असताना त्याने एकाच फटक्यात चेंडू होलमध्ये घातला. त्याच्या एवढ्या कारकिर्दीत हे पुन्हा कधी झाले नाही, ही गोष्ट तो आवडीने सांगे.

तो बरा होऊन परतला, पण उजव्या हातात काहीतरी बिघडले होते. लांब फटके पूर्वीसारखेच देखणे. लांबचा पटही ठीक. चेंडू होलपासून चारेक फुटांवर आला, की हात उसळी घेई. १९३३ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात त्याने हे वर्णन केले आहे. चेंडूपाशी उभा राहिला की तो हात कधी उडतो याची वाट पाहू लागे. दोन-एक सेकंदांत नजर चेंडूवरून आणि स्टिकवरून सुटून उजव्या हातावर खिळे. झटका येणार असे जाणवले, की तो येण्याआधीच फटका उरकावा म्हणून घाईने स्टिक ओढली जाई. चेंडू अर्थातच भलतीकडे. 

त्याच्या चरित्रकारांनी या झटक्याचा दोष क्षयाने बिघडलेल्या नसेला दिला आहे. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. नस बिघडली असती तर लांब फटक्यांत आणि जेवताना, लिहितानाही ते दिसले असते. झटका एकाच कामात, एकाच अंतरावर येतो, तेव्हा आजचा मेंदूविकारतज्ज्ञ फोकल डिस्टोनियाचा विचार करील. यात स्नायू निरोगी असतात. त्यांना हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या यंत्रणेत गोंधळ होतो. मनगट वाकवणारे आणि सरळ करणारे स्नायू आळीपाळीने आखडायचे, ते एकाच वेळी आखडतात. याचा जुना भाऊबंद म्हणजे लेखकाचा पेटका. दिवसभर टाक चालवणाऱ्या कारकुनांमध्ये तो एकोणिसाव्या शतकातच ओळखला गेला. पेन धरले की बोटे आखडत, सुई किंवा चमचा धरला की काही नाही. वादकांना हेच होते, क्रिकेटमध्ये काही गोलंदाजांच्या हातून चेंडू सुटतच नाही. लाखो वेळा केलेली, बारीक, तीच ती हालचाल हा यातला समान धागा.

अर्थात सगळेच यिप्स मेंदूच्या या बिघाडाचे नसतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००० च्या सुमारास चांगल्या गोल्फरांचा अभ्यास केला, तेव्हा तिसऱ्या हिश्शापासून जवळजवळ निम्म्यांनी हा अनुभव सांगितला, आणि एका फेरीमागे सुमारे पाच फटके वाया जातात असा अंदाज निघाला. त्यांनी दोन टोके मांडली: एका टोकाला डिस्टोनिया, दुसऱ्या टोकाला दडपणाने होणारी गाळण. बरेच जण मधे कुठेतरी असतात, कारण एकदा हात उडाला की त्याची धास्ती बसते आणि धास्तीने हात आणखी ताठतो. हे चक्र व्हार्डनच्या वर्णनात स्पष्ट दिसते. म्हणूनच अशा माणसाला घाबरट म्हणणे मला अन्यायाचे वाटते. क्षयाने खंगलेला असताना सहा फटक्यांनी ओपन जिंकणाऱ्याला कुणी घाबरट म्हणणार का?

व्हार्डनने स्टिक बदलून पाहिल्या, पकडी बदलून पाहिल्या. काहीच फार दिवस टिकले नाही. मग त्याने दुसरा मार्ग धरला. आपल्या बलस्थानावर भार टाकला. दुरूनच चेंडू होलच्या इतक्या जवळ आणायचा, की पट चुकले तरी निभावून जाईल. १९११ मध्ये एकेचाळिसाव्या वर्षी त्याने पाचवे ओपन जिंकले आणि १९१४ मध्ये, महायुद्ध पेटण्याच्या थोडेच आधी, सहावे. मधे १९१३ ची अमेरिकन ओपन मात्र त्याने वीस वर्षांच्या फ्रान्सिस विमे या हौशी पोराकडून गमावली.

सर्वांत जास्त चटका लावते ते १९२० चे अमेरिकन ओपन, ओहायोतल्या टोलिडोचे. व्हार्डन पन्नाशीचा. शेवटची सात होल उरली असताना चार-पाच फटक्यांची आघाडी. मग लेक एरीवरून वादळी वारा सुटला, म्हातारे अंग थकले आणि छोटे पट एकामागून एक हुकू लागले. एका फटक्याने विजेतेपद गेले, ते त्याच बेटावरच्या, त्याच्यासोबत दौऱ्यावर आलेल्या टेड रेकडे. वारा आणि वय यांचा वाटा होताच, पण आयत्या वेळी हाताने दगा दिला नसता तर निकाल बहुधा वेगळा लागला असता.

आज काय करतात? रामबाण औषध अजूनही नाही. व्हार्डनने चाचपडत जे केले त्यातच खरे तथ्य होते, पण आता ते पद्धतशीर करतात. मेंदूत बिघडलेला हुकूम एका ठरावीक हालचालीला चिकटलेला असतो, म्हणून ती हालचालच बदलायची. जर्मनीचा बर्नहार्ड लँगर अनेकदा यिप्समध्ये सापडला आणि प्रत्येक वेळी नवी पकड घेऊन बाहेर आला. त्याने १९८५ आणि १९९३ ची मास्टर्स वेगवेगळ्या पकडींनी जिंकली. चिपिंगमध्ये डावा हात खाली घेऊन धरणे, फक्त एका हाताने सराव करणे, चेंडूऐवजी तो जिथे पडायला हवा तिथे नजर ठेवणे, किंवा गवत परवानगी देत असेल तर चिप टाळून ग्रीनबाहेरूनच पट करणे, हे उपाय प्रशिक्षक सुचवतात. टायगर वुड्सच्या चिप २०१५ च्या सुरुवातीला इतक्या फसल्या, की जग चकित झाले. त्याने दोष स्विंगमधल्या बदलाला दिला, दोन महिने स्पर्धांपासून दूर राहून घाम गाळला आणि एप्रिलच्या मास्टर्समध्ये त्याचा हात पुन्हा मऊ झालेला दिसला.

एक सावधगिरी मात्र हवी. चुकीच्या झटक्यासकट तीच हालचाल हजार वेळा घोटली, तर मेंदू झटकाच पक्का करू शकतो. थोडा खंड, मग बदललेली हालचाल, हे बरे. थरथर कमी करणारी बीटा-ब्लॉकर गोळी परस्पर घेऊ नये. दमा असलेल्याला ती धोक्याची, आणि गोल्फच्या स्पर्धांत तिच्यावर उत्तेजक-विरोधी नियमांनुसार बंदी आहे. बोट्युलिनमची इंजेक्शने लेखकाच्या पेटक्यात काहींना उपयोगी पडतात, पण ती त्यातल्या जाणकाराच्याच हातची. शिंपी, तबलजी, सह्या करून करून बोटे आखडणारा अधिकारी, यांतल्या कुणाला फक्त आपल्या कामाच्या वेळीच हात दगा देत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावे. विश्रांतीतही हात थरथरत असेल किंवा इतर कामांतही जोर कमी झाला असेल, तर मात्र कारण वेगळे असू शकते आणि तपासणी लांबवू नये.

व्हार्डन १९०३ पासून अखेरपर्यंत लंडनजवळच्या टॉटरिज इथल्या साउथ हर्ट्स क्लबात होता. क्षय अधूनमधून डोके वर काढी, सॅनेटोरियमच्या वाऱ्या होत. उतारवयात स्वतःचे छोटे पट चुकत असतानाही तो इतरांना खेळ शिकवत राहिला. २० मार्च १९३७ रोजी तो गेला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फरांच्या संघटनेने त्याच्या नावाचा करंडक सुरू केला. पुढे वर्षभरात सरासरी सर्वांत कमी फटके घेणाऱ्याला तो मिळू लागला.