पंडिता क्षमाबाई राव

विंबल्डन हे लंडन शहराचे एक उपनगर. तेथील हिरवळीवर १८७७ पासून टेनिसची स्पर्धा भरत आली आहे आणि जगातील निवडक खेळाडू तेथे आपले कौशल्य पणास लावतात. १९३४ साली या हिरवळीवर मुंबईची एक तरुणी उतरली. तिचे नाव लीला राव. पहिल्याच फेरीत तिने ग्लॅडिस साउथवेल हिला हरविले. विंबल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून तिची नोंद झाली. या लीलेची आई म्हणजे संस्कृत कवयित्री पंडिता क्षमाबाई राव.

क्षमाबाईंचा जन्म १८९० साली पुण्यास झाला. त्यांचे वडील शंकर पांडुरंग पंडित हे थोर वेदाभ्यासक होते. तुकारामबोवांची गाथा संपादण्यातही त्यांचा हात होता. परंतु क्षमाबाई चार वर्षांच्याही झाल्या नव्हत्या, तोच पित्याचे छत्र हरपले. आप्तांच्या आश्रयाने वाढताना त्या पोरक्या मुलीला पुष्कळ सोसावे लागले. तरी वडिलांच्या विद्येची ओढ तिने मनातून जाऊ दिली नाही.

पुढे मुंबईचे नामांकित डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या काळी कुलीन स्त्रीने चारचौघांत मैदानावर खेळणे हेच मोठे नवल होते. क्षमाबाई रॅकेट घेऊन मैदानात उतरल्या. एवढेच नव्हे, तर मुंबई इलाख्यातील स्पर्धांत त्यांनी विजयही मिळविले. घरी संस्कृत काव्य आणि मैदानावर टेनिस, असा हा विलक्षण संसार!

हीच आवड लीलेत उतरली. १९३१ साली तिने अखिल भारतीय अजिंक्यपद पटकाविले. तीन वर्षांनी विंबल्डनचा तो सामना झाला. दुसऱ्या फेरीत मात्र फ्रान्सच्या इडा अडामॉफने तिला हरविले, आणि पुढच्या वर्षी तर पहिल्याच फेरीत तिला माघार घ्यावी लागली. एकच विजय, असे कोणी म्हणेल. पण त्यानंतर भारतीय स्त्रीने विंबल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकला तो २००५ साली, सानिया मिर्झाने.

मैदान गाजविणाऱ्या क्षमाबाईंना एका गोष्टीची रुखरुख लागून राहिली. सत्याग्रहात प्रत्यक्ष सामील होण्याची त्यांची इच्छा प्रकृतीमुळे पुरी झाली नाही. तेव्हा त्यांनी लेखणी उचलली. गांधीजींच्या लढ्यावर त्यांनी अठरा अध्यायांची ‘सत्याग्रहगीता’ संस्कृतात रचली. परकी सत्तेखाली असा ग्रंथ येथे छापणे कठीण होते. १९३२ साली तो पॅरिसहून प्रसिद्ध झाला. पित्याने ज्यांची गाथा संपादली, त्या तुकारामांचे चरित्रही त्यांनी संस्कृत श्लोकांत लिहिले.

१९५४ साली क्षमाबाईंचे निधन झाले. लीलेने आईच्या कथांवरून संस्कृत नाटके लिहिली.